बुध्या मुकणे याचा जबाब

सर्वेवाले कातकरवाडीत आले ते भगीरथशेटच्या जीपमधून. त्यांचाही इलाज नव्हता. धसईहून येणारा डांबरी रस्ता शेटच्या खळ्यापाशी संपतो. पुढे सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत दगडधोंड्यांची गाडीवाट, आणि त्या वाटेवर टिकेल अशी गाडी गावात एकट्या शेटकडे. शिवाय आलेल्या माणसाला उन्हातून पायी पाठवणं त्याच्या घराण्यात बसत नव्हतं. त्याने त्यांना आधी ओटीवर बसवून चहा पाजला, मग स्वतः गाडी हाकत वाडीत आणलं आणि हाताची घडी घालून बोनेटला टेकून उभा राहिला.

वाडीत अकरा घरं. खालच्या नदीवर धरण व्हायचं होतं, पाणी शहराकडे जायचं होतं आणि त्यासाठी परदेशातल्या एका मोठ्या बँकेने कर्ज दिलं होतं. धसईच्या ज्या बँकेत पासबुक भरून मिळतं ती ही बँक नव्हे. ही देशांना कर्ज देते. तिचा एक नियम असा की पाण्याखाली जाणारं प्रत्येक घर आधी मोजावं, घर कुणाचं ते घरातल्याच माणसाच्या तोंडून ऐकावं आणि कॅमेऱ्यात धरून ठेवावं. नियम करणाऱ्याचं मन चांगलंच असणार. ज्याच्याकडे कागद नाही त्याला निदान तोंड तरी असतं, असं त्याला वाटलं असेल.

प्रश्न विचारणारा रितेश ठाण्याच्या कंपनीचा, पंचविशीतला, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. वाटेवरचं पहिलं घर बुध्याचं, म्हणून पहिला तोच.

"नाव?"

"बुध्या."

"पूर्ण नाव, बाबा."

"बुध्या कमळू मुकणे."

"घरात माणसं किती?"

"तीन. मी, बायको वेणू, नि पोरगी रंजिता."

"किती वर्षं राहता इथे?"

बुध्याला हसू आलं. "मी इथंच झालो ना."

"घर कुणाचं?"

बुध्याने जीपकडे पाहिलं आणि म्हणाला, "मालकांचं."

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर बुध्या मूर्ख वाटेल, आणि तो मूर्ख नव्हता. मालकासमोर 'माझं' म्हणायचं नाही, ही वाडीची रीत होती. बुध्याच्या आज्याला शेटच्या आज्याने डोंगरातून खाली आणून बसवलं होतं, शेतातली डुकरं हाकायला आणि कोळसा पाडायला. 'इथं राहा' एवढं तो तोंडाने म्हणाला. कागद कुणी केला नाही, कुणी मागितला नाही. घरं ज्याची त्याने बांधली. तेव्हापासून वाडीतून जाताना मालक विचारणार, "कोंबडी कुणाची रे?" त्यावर उत्तर, "तुमचीच, मालक." मग मालक म्हणणार, "राहू दे, तुझ्याकडंच राहू दे." रांगतं मूल अंगणात आलं तरी तेच. "पोर कुणाचं?" "तुमचंच." "असू दे, तूच सांभाळ." यावर सगळे हसणार. दोघांनी मिळून बोलायचं ते बोलणं होतं, अर्धं ह्याने, अर्धं त्याने, आणि दुसरं अर्धं झालं की वस्तू ज्याची त्याच्याकडे राहायची. बुध्या लहान असताना एकदाच शेटच्या बापाने आपलं अर्धं म्हटलं नाही. बकरा खांद्यावर टाकून चालता झाला. बुध्याचा बाप त्या दिवशीही हसला होता.

तर बुध्या "मालकांचं" म्हणाला आणि थांबला.

शेट गडाकडे बघत होता. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून त्याने कपाळाशी हात धरला होता. रितेश बोटाने पडद्यावर टिपत होता. बुध्याने घसा खाकरला आणि जरा मोठ्याने परत म्हटलं, "मालकांचं हाय, शेट."

शेटला ऐकू गेलं, कारण त्याने मान हलवली. तोंड मात्र उघडलं नाही.

"ठीक," रितेश म्हणाला. "दोनदा आलं रेकॉर्डमध्ये. पुढचं घर."

पुढचं घर चांगोचं. चांगो आणि बुध्या जोडीने वाढलेले, जवानीत दर दिवाळीनंतर एकाच वीटभट्टीवर गेलेले. चांगोने बुध्याचं ऐकलं होतं, त्यानेही तेच सांगितलं. मग तिसऱ्याने. अकराही घरं अर्ध्या तासात उरकली. जाताना शेटने जीपच्या खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्यांना रामराम केला.

यादी लागली ती दोन महिन्यांनी, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. वाचली रंजिताने. ती बारावी झालेली, गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. यादीतली एक्केचाळीस ते एकावन्न ही नावं तिने बोट ठेवून परत परत वाचली, मग फोनवर फोटो घेतला आणि घरी आली. बुध्या अंगणात टोपली विणत होता. वेणू चुलीपुढे.

"बा, आपली अकरा घरं शेटच्या नावावर लागली. 'मजुरांच्या खोल्या' लिवलंय. मालक भगीरथशेट. आपण राहणारे मजूर."

"मजूर तर हावच आपण," बुध्या म्हणाला.

"तसं नाय. ऐक. ज्याचं घर, त्याला बँक शहापूरच्या बाजूला नवीन घर देते. भुईसकट. जमीन नावावर नसली तरी देते, बांधलेलं घर त्याचं असलं म्हंजे झालं. नि मजुराला काय, तर सामान न्यायला एक टेम्पो. टेम्पो कुठं न्यायचा ते ज्याचं त्यानं बघायचं."

टोपली विणणारा हात थांबला. "म्हंजे आपलं घर शेटला भेटणार?"

"एक नाय. अकरा."

"त्याला अकरा घरं कनाला पायजेत?" वेणू आतून म्हणाली. "बुडं किती हायेत त्याला?"

रंजिता हसली नाही. बुध्या टोपली बाजूला ठेवून म्हणाला, "त्याचं बोलायचं राहून गेलं असल. पाव्हणे होते, ऊन होतं. मी जातो नि त्याला आठवण देतो."

नवं पाणी येऊन ओढे वाहू लागले होते. बुध्या पहाटे वर गेला, दगडांखाली हात घालून दहा-बारा चिंबोऱ्या धरल्या, नांग्या पानांनी बांधल्या आणि टोपली घेऊन शेटच्या ओटीखाली उभा राहिला. पायरीवर चढायची रीत नव्हती.

"काय रे बुध्या, सकाळच्या पारी?" शेट दात घासत बाहेर आला. साठीचा, पांढरी बनियन, चेहरा गोड. त्याने कधी कुणावर हात उगारला नव्हता.

"चिंबोऱ्या आणल्या, मालक."

"अरे वा. कुणाच्या रे?"

"तुमच्याच."

"ठेव तिथं." शेटने आत हाक मारून टोपली उचलायला सांगितली.

बुध्या उभाच. मग हळूच म्हणाला, "शेट, घर... त्या दिवशी मी बोललो तुमचं हाय म्हणून."

"हां, बोललास. चांगलं बोललास."

"तुमचं हायच ते, शेट."

असं म्हणून बुध्याने वर पाहिलं. एवढा जवळ आलेला माणूस, समोर दुसरं कुणी नाही, कसली घाई नाही. आता तो म्हणेल. शेटने चूळ भरली, अंगणात टाकली, टॉवेलने तोंड पुसलं.

"बुध्या, तू काय मागाया आलास ते मला कळतं. मी काय येडा हाय? पण मला सांग, मी काय बोललो का त्या सायबाला? एक शब्द? तूच बोललास. दोनदा बोललास. आता मी जाऊन सांगू का, का आमचा बुध्या खोटारडा हाय म्हणून? तुझा आजा आमच्या आज्याच्या शब्दावर इथं बसला. शब्दाला किंमत हाय ना आपल्यात?"

"हाय, मालक."

"मग झालं. चिंबोऱ्या बाकी नामी हायेत. परत आण."

बुध्याने रिकामी टोपलीसुद्धा परत मागितली नाही. घरी आल्यावर वेणूने काय झालं ते विचारलं. "परत आण बोलला," एवढंच त्याने सांगितलं.

यादीच्या तळाशी बारीक अक्षरात बँकेच्या तक्रार कार्यालयाचा पत्ता होता. रंजिताने कागदावर तक्रार लिहिली, बापाचा अंगठा लावला, फोनवर फोटो काढून पाठवली. बाकीच्या दहा घरांना तिने विचारलं. चांगो म्हणाला, "आधी तुमचं काय होतं ते बघू." इतरांनी एवढंही म्हटलं नाही. पाऊस गेला, भात कापून झालं, बायका शेत भाजायच्या राबासाठी पालापाचोळा गोळा करू लागल्या, तेव्हा उत्तर आलं. बँकेची बाई शहापूरला येणार आहे. अर्जदाराने समक्ष यावं. जे बोलणं होईल ते बाहेर जाणार नाही, अर्जदाराला कुणी त्रास देणार नाही, याची बँक काळजी घेईल.

मग घरात तालीम सुरू झाली. रंजिता शेट झाली. बापाचा टॉवेल तिने खांद्यावर टाकला, पोट पुढे काढलं आणि खांबाला टेकून उभी राहिली.

"काय रे बुध्या, घर कुणाचं?"

बुध्याने तोंड उघडलं, मिटलं. "रंजे, टॉवेल काढ आधी."

"नाय काढणार. घर कुणाचं?"

"तु... आपलं."

"आपलं म्हंजे कुणाचं? शेटचं नि तुझं?" वेणूने चुलीपुढून हाणलं. "लगीन करून मला आणलीस तवा बोललास ना, माझं घर हाय, खाली चल? का तवा पण शेटचंच होतं?"

"तवा शेट नव्हता समोर."

"आत्ता तरी कुठं हाय? पोरगी हाय तुझी ती!"

वेणू हसता हसता डोळे पुसू लागली, रंजिताही हसली. बुध्याला हसू आलं, पण शब्द आला नाही. तिसऱ्या दिवशी आला. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "माझं." कारवीचा कूड, वेणूने वर्षानुवर्षं सारवून सारवून जाड केलेला. वरची कौलं धसईच्या जुन्या शाळेची. शाळेला स्लॅब पडला तेव्हा बुध्याने मास्तरकडून ती मागून घेतली आणि कावडीने आणली. एका खेपेला चाळीस. किती खेपा झाल्या ते त्याला अजून पाठ होतं. "माझं," तो भिंतीला परत म्हणाला. मग रंजिताकडे वळून म्हणाला, "माझं हाय. मी बांधलं." आणि घामाघूम होऊन खाली बसला.

धसईहून मुरबाड, मुरबाडहून शहापूर, दोन एसट्या बदलून बापलेक महामार्गालगतच्या एका लॉजच्या हॉलमध्ये पोचले. बँकेची बाई गोरी, उंच, साध्या सुती कपड्यांतली. तिच्या शेजारी माधुरीमॅडम, धरणाच्या कामावरच्या पुनर्वसन अधिकारी. बाईचं बोलणं त्या मराठीत सांगत होत्या. बाईने बुध्याला स्वतः उठून खुर्ची दिली, पाणी दिलं. आयुष्यात त्याला कुणा साहेबलोकांनी पाणी ओतून दिलं नव्हतं, त्याने ते एका दमात संपवलं.

"घर कुणाचं?" माधुरीमॅडमनी विचारलं.

"माझं," बुध्या म्हणाला. लगेच आणि स्पष्ट. रंजिताने टेबलाखाली मूठ आवळली.

मग त्याला टॅबलेटवर त्याचाच चेहरा दाखवला. तो चेहरा दोनदा 'मालकांचं' म्हणाला. बाईने विचारलं, हे मग काय? बुध्याने रीत सांगितली. कोंबडी सांगितली, पोर सांगितलं, दोन अर्धी सांगितली. बाईला ती रीत फार आवडली. तिने ती पुन्हा सांगायला लावली, वहीत लिहून घेतली, मध्येच माधुरीमॅडमना काहीतरी म्हणाली आणि दोघी कौतुकाने हसल्या. मग तिचा चेहरा गंभीर झाला.

"त्या विचारताहेत," माधुरीमॅडम म्हणाल्या, "की त्या दिवशी मालकांनी तुम्हाला धमकावलं होतं का? मारहाण? आधी कधी? घरातून काढीन असं म्हणाले होते?"

"नाय."

"नीट आठवा. भीती दाखवून घेतलेला जबाब असेल तर तो रद्द करता येतो. ताबडतोब."

रंजिताने बापाचा दंड धरला. "बा, सांग ना. घाबरला होतास ना तू?"

बुध्याने प्रामाणिकपणे विचार केला. शेटने त्याला कधी शिवीसुद्धा दिली नव्हती. शेटचा बाप मारायचा. पण तो मेला, आणि मेलेल्याने केलेलं जित्याच्या माथी कसं मारायचं? "नाय," तो म्हणाला. "शेट काय बोललाच नाय. तेच तर सांगतो ना मी, बाय. तो बोललाच नाय."

बाईने कागदावर एका चौकोनात खूण केली. मग फार हळुवार आवाजात निर्णय सांगितला. धमकी नसल्यामुळे पहिला जबाब रद्द होत नाही. मात्र अर्जदाराला तो बदलायचा हक्क आहे. जिथे पहिला जबाब झाला तिथेच, कॅमेऱ्यापुढे, जमीनमालकालाही आगाऊ कळवून, तोच प्रश्न परत विचारला जाईल. सगळ्यांनाच न्याय मिळायला हवा. गुरुवारी.

"शेटसमोर?" बुध्याने विचारलं.

"त्यांचाही हक्क आहे, बाबा," माधुरीमॅडम म्हणाल्या.

गुरुवारी बाई नव्हती, ती आपल्या देशात परत गेली होती. माधुरीमॅडम आणि रितेश आले, शेटच्याच जीपमधून. शेटने येताना आपल्या घरच्या चार खुर्च्या आणल्या होत्या. वाडी गोळा झाली. मोळी आणायला निघालेल्या बायका कोयते हातात धरून उभ्या राहिल्या.

रितेशने टॅबलेट धरला. "बुध्या कमळू मुकणे. घर कुणाचं?"

बुध्याने शेटकडे पाहिलं. शेट खुर्चीत बसून त्याच्याकडेच बघत होता, प्रेमाने, जसं कुणी आपल्या म्हाताऱ्या बैलाकडे बघावं. वेणू दारात. रंजिता तिच्या मागे. इतकी शांतता झाली की रितेशने टॅबलेट बंद तर पडला नाही ना ते पाहिलं.

"माझं," बुध्या म्हणाला.

"मोठ्याने, बाबा."

"माझं! मी बांधलं. कूड माझा, खांब माझे, कौलं मी आणली. माझं घर हाय."

चांगोने मान खाली घातली. एका बाईने तोंडावर पदर घेतला. आणि शेट हसला. मांडीवर थाप मारून, मनापासून.

"बरोबर बोलला! लिवा साहेब. घर त्याचंच हाय. मी कवा नाय बोललो? मला कुणी विचारलंच नाय."

वेणूच्या तोंडून एक आवाज निघाला, रडण्याचा का हसण्याचा ते तिलाही कळलं नसेल. बुध्याने दाराचा खांब धरला.

"नि जमीन माझी," शेट पुढे म्हणाला, त्याच आवाजात. "ती सातबाऱ्यावर हाय, तिला जबाब लागत नाय. तवा बुध्या, तुझं घर तू माझ्या जमिनीवरनं घेऊन जा."

"असं नाही करता येणार तुम्हाला," माधुरीमॅडम म्हणाल्या. "धरणाचं पाणी येईपर्यंत कुणालाही हलवायचं नाही. बँकेचा नियम आहे."

"मी कुठं हलवतो, मॅडम? मी हात तरी लावला का? त्याचा तो नेईल. चहा घेणार ना?"

जबाब बदलायचा हक्क सगळ्यांनाच होता, म्हणून मग रितेश पुढच्या घरी गेला. चांगो "मालकांचं" म्हणाला. दहाही घरं "मालकांचं" म्हणाली, आणि प्रत्येकाला शेट म्हणाला, "राहा रे, राहा." निघताना माधुरीमॅडमनी रंजिताला बाजूला घेतलं. सोमवारी त्या मोजणीला येतील, घराची लांबीरुंदी लिहून घेतील, की बुध्याचं नाव नव्या यादीत गेलंच समजा. "सोमवारपर्यंत घर उभं असलं पाहिजे, एवढंच," त्या म्हणाल्या. "आणि असेलच की."

शनिवारी सकाळी चांगो आला. त्याच्यामागे वाडीतले आणखी सात-आठ बाप्ये, पहारी आणि कुदळी घेऊन. बुध्या अंगणात होता. चांगो त्याच्यासमोर उकिडवा बसला, खिशातली तंबाखू काढून अर्धी त्याला दिली.

"बुध्या, शेट बोलला, बुध्याचं एक घर गेलं तर तुमची दहा पाणी येईपर्यंत राहतील. नाय गेलं तर अकरा जातील."

"कवा बोलला?"

"काल. आमाला सगळ्यांना बसवून. चहा पाजून."

"नि तो कुठं हाय?"

"मुरबाडला गेला. लगीन हाय कुणाचं तरी."

रंजिता धावत बाहेर आली. "चांगोकाका, सोमवारी मॅडम येणार हायेत! दोन दिवस! दोन दिवस थांबा रे! आपलं नाव लागलं की तुमचं पण लागल, तुमी पण फिरवा जबाब..."

"आमचं नको," चांगो म्हणाला, तिच्याकडे न बघता. "आमाला अजून एक पावसाळा पायजे, पोरी. लहान लेकरं हायेत. तुमचं काय, तू एकटी, तीपण मोठी."

वेणू दारात आडवी बसली आणि एकेकाचं नाव घेऊन शिव्या देऊ लागली. कुणाचं बाळंतपण तिने केलं, कुणाच्या बायकोला तापात पेज पाजली, सगळं बाहेर काढलं. दोघांनी तिला काखेत धरून उचललं आणि अंगणात नेऊन ठेवलं, अगदी जपून, दुखणाईत माणसाला ठेवावं तसं. रंजिता माधुरीमॅडमना फोन लावत होती. चौथ्यांदा लागला. त्या म्हणाल्या, शनिवार आहे, मी नाशिकला घरी आहे, फार वाईट झालं, लेखी द्या. मी वर कळवते. रंजिताने फोन कानाला तसाच धरून ठेवला, बोलणं संपलं तरी.

पहिला माणूस वर चढला आणि कौलं ओढून खाली टाकू लागला. तीन फुटली, चौथं फुटलं. चौथ्याच्या आवाजाला बुध्या उठला. त्याला वाटलं, हा पोरगा आडव्या वाशावर पाय देतोय, वासा कुजका आहे, तो आता खाली येणार आणि कौलांचा सगळा चुरा होणार.

"उतर खाली," तो म्हणाला. "तसं काढतात का? वरच्या ओळीपासनं घे. दोन माणसं शिडीवर, एक खाली. हातोहात द्या."

असं तो म्हणाला, आणि स्वतःच शिडीवर चढला. त्याने कौल काढून चांगोकडे दिलं, चांगोने खालच्याकडे. दुपारपर्यंत कौलं चिंचेखाली रचून झाली, मग वासे, मग खांब. कूड पाडायला वेळ लागला नाही. वेणू आपल्या नवऱ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात जो तिटकारा होता तो बुध्याने शेटच्या डोळ्यांतही कधी पाहिला नव्हता. संध्याकाळी चांगो म्हणाला, रात्रीचं आमच्याकडे या. वेणू म्हणाली, "तुझ्याकडं? तुझं घर कुठं हाय, चांगो?" तो निघून गेला. तिघं चिंचेखाली राहिली. शेटने मुरबाडहून आल्यावर निरोप पाठवला की चिंच त्याची आहे, कौलं तिथनं हलवावीत.

सोमवारी माधुरीमॅडम आणि रितेश आले, या वेळी कंपनीच्या गाडीने, खळ्यापासून चालत. मॅडम वाटेतच थांबल्या आणि त्यांनी तोंडावर हात घेतला. रंजिताने फोन पुढे केला: कौलं उतरताना, खांब काढताना, सगळ्याचे फोटो होते. माधुरीमॅडमनी ते एकेक करून पाहिले.

"हे शिडीवर कोण आहे?" त्यांनी विचारलं.

बुध्या म्हणाला, "मी."

मॅडमनी फोन परत दिला. त्यांचे डोळे भरून आले होते, ते खोटे नव्हते. छळ झाल्याची वेगळी तक्रार करता येईल, त्या म्हणाल्या, तिचा वेगळा फॉर्म असतो, तिला नव्वद दिवस लागतात. पण हे फोटो जोडू नका. आजच्या मोजणीत मात्र जे आहे तेच लिहावं लागेल. त्यांनी रितेशला खूण केली. रितेशने टेप काढली नाही, मोजायला काही नव्हतं. त्याने पडद्यावर टिपलं: बांधकाम नाही.

"फोटो लागतो," तो म्हणाला. मोकळ्या चौकोनापुढे उभा राहून त्याने टॅबलेट डोळ्यांसमोर धरला. "बाबा, जरा बाजूला व्हा. फोटोत येताय."

बुध्या बाजूला झाला.

"अजून. सावली येतेय तुमची."

बुध्या आणखी मागे सरकला. सकाळचं ऊन तिरपं होतं, सावली लांब पडत होती. तो सरकत सरकत अंगण ओलांडून वाटेवर गेला, वाट ओलांडून पलीकडे शेटच्या शेताच्या बांधावर जाऊन उभा राहिला.

"बस," रितेश म्हणाला, आणि त्याने फोटो घेतला. फोटो चांगला आला. नुसती भुई होती, स्वच्छ, वेणूने सारवलेली.